लाटांच्या यंत्राचं कुलूप

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा डिटेक्टिव्ह वॉन्डा स्ट्रिकलंड गाडीत बसून गुडघ्याला मलम चोळत होती. निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. या नऊ दिवसांत कुणी मरू नये एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं, आणि देवाने नेहमीप्रमाणे कानाडोळा केला होता.

"सिल्व्हर हेरॉन रिसॉर्ट, मॅडम. तळ्यातल्या बेटावर लाटांच्या यंत्रात माणूस सापडलाय."

"ते यंत्र? ते तर माझ्या लहानपणीच बंद पडलं."

"आज सकाळी चालू झालं."

पन्नास वर्षांपूर्वी रिसॉर्टच्या मालकांना हौस आली होती. गोड्या पाण्याच्या तळ्यात समुद्राच्या लाटा हव्यात! बेटावर काँक्रीटचा खड्डा बांधला, त्यात भिंतीएवढी पोलादी फळी बसवली. मोटार फळीला ढकलणार, फळी पाण्याला. लाटा झकास आल्या, फक्त त्यांनी किनाऱ्याची वाळू खाऊन टाकली. ट्रकांनी आणून ओतलेली वाळू उन्हाळा संपायच्या आत तळाला जाऊन बसली. यंत्र बंद झालं, बेटावर झाडी माजली, बगळ्यांनी मोटारीवर घरटी केली. यंदा यंत्राच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नव्या मालकांना ते पुन्हा चालवायची लहर आली. त्या यंत्राची नस माहीत असलेला एकच माणूस जिवंत होता, निवृत्त मेकॅनिक हार्लन पीव्ही, वय एकाहत्तर. आज तोही राहिला नव्हता.

वॉन्डा लाकडी पुलावरून लंगडत बेटावर जाऊन आली. जे बघायचं ते बघितलं. फळी आणि भिंतीच्या मध्ये माणूस सापडला तर काय होतं हे सांगायची गरज नाही.

किनाऱ्यावरच्या शेडमध्ये मॅनेजर ट्रेंट कॉलिअर वाट बघत होता. यंत्राची वीज या शेडमधूनच जायची. कॉलिअरचा शर्ट कडक इस्त्रीचा होता आणि नजर सारखी घड्याळावर जात होती.

"काय झालं असेल?" वॉन्डाने विचारलं.

"वय झालं होतं हो. खड्ड्यात उतरण्याआधी कुलूप लावायचं विसरला. यंत्राला सात वाजताचा टायमर होता. सात वाजले, यंत्र सुरू झालं."

"टायमर कशाला?"

"साडेसातला मालक येणार होते. त्यांना लाटा दिसायला हव्या होत्या. शेवटी काय, स्वतःची चूक. तुम्ही तसं लिहिलंत की झालं. मालक अजून लॉबीत बसलेत."

कुलपाची रीत वॉन्डाला माहीत होती. तिचा बाप फॉस्फेटच्या खाणीत होता. यंत्रात हात घालण्याआधी वीज तोडायची, खटक्याला स्वतःचं लाल कुलूप लावायचं, त्यावर स्वतःच्या नावाचा पितळी बिल्ला. किल्ली एकच, ती अंगावर. खटक्याला कुलूप असलं की टायमर असो नाहीतर मालक, यंत्र हलत नाही. आणि दुसऱ्याच्या कुलपाला कुणी बोट लावत नाही. चर्चमधल्या दानाच्या पेटीतून डॉलर उचलणारी माणसंसुद्धा लावत नाहीत.

कोपऱ्यात मेंटेनन्सचा प्रमुख रॉय बारफील्ड उलट्या बादलीवर बसला होता. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा. हार्लननेच त्याला हाताला धरून काम शिकवलेलं.

"हे बघा, मिस वॉन्डा," त्याने हार्लनची हत्यारांची पेटी पायाने पुढे सरकवली. "कुलूप पेटीतच पडलंय. मी हात नाही लावला. आमच्यात लावत नाहीत."

पेटीत पान्यांवर लाल कुलूप होतं, बंद. त्यावर बिल्ला, एच. पीव्ही.

"असा विसराळू होता का तो?"

"व्हायला लागला होता. गेल्या मंगळवारी उलटं झालं. कुलूप खटक्यालाच ठेवून घरी गेला. मला मोटार तपासायची होती. फोन करून बोलवून घेतलं, तेव्हा शिव्या घालत आला बिचारा." रॉयने डोळे पुसले. रडणं खरं होतं. वॉन्डाने एकतीस वर्षांत खोटी रडणी पुष्कळ बघितली होती, हे तसलं नव्हतं.

"आज तू किती वाजता आलास?"

"सव्वासातला. मोटार अडकून घुरघुरत होती. वीज तोडली, बेटावर गेलो आणि..."

डॉक्टरांच्या माणसाने हार्लनच्या चीजवस्तूंची पिशवी आणून दिली. पाकीट, तंबाखूची डबी, आणि गळ्यातल्या बुटाच्या नाडीला अडकवलेली एक छोटी किल्ली. फोन पाण्यात पडू नये म्हणून हार्लन तो ट्रकमध्येच ठेवायचा; तोही आणला होता. त्यावर एक न घेतलेला कॉल होता. रॉय, सहा अडतीस.

"हा कशासाठी केला होतास?"

"घरून केला. कॅन्टीनला येतोस का, विचारायला. साडेसहाला तो ग्रिट्स, मक्याची लापशी, खायला जायचा रोज."

"बरं," वॉन्डा म्हणाली. तिला बसायला खुर्ची हवी होती, पण ती कुणी दिली नाही.

बाहेर धुकं आता विरत होतं. पहाटे म्हणे इतकं दाट होतं की शेडमधून बेट दिसत नव्हतं. किनाऱ्यावर एक बाई लोखंडी दाताळं घेऊन वाळूकडे रागाने बघत उभी होती. इडालिया सोतो, रोज सकाळी किनारा विंचरणारी.

"तुम्हाला कुणी काही विचारलं का, बाई?"

"मला कोण विचारतंय! वाळू खराब झाली की मात्र इडालिया, इडालिया."

"लाटा बघितल्यात?"

"बघितल्या कसल्या, भिजले ना! पाच-सहा आल्या धाडधाड, मग बंद. बूट बघा माझे. मी दाताळं टाकलं आणि तडक ऑफिसात गेले भांडायला. तिथे काळं कुत्रंसुद्धा नव्हतं."

दाताळ्याच्या सरळ रेघा होडीघरापासून सुरू होऊन, किनाऱ्यावर ओळीने लावलेल्या छत्र्यांपैकी चौथीपाशी तुटल्या होत्या. पुढे पाण्याने कुरतडलेली वाळू.

"किती वाजले असतील?"

"घड्याळ नाही माझ्याकडे. साडेसहाला होडीघरापासून सुरू करते. सातच्या ठोक्याला त्या व्हॉलीबॉलच्या जाळीपाशी असते. बावीस वर्षं."

जाळी आणखी चार छत्र्या पुढे होती. वॉन्डा रेघांच्या टोकाशी उभी राहिली. गुडघा ठणकत होता. घरी जाऊन बर्फ लावावा, बाकीचं हाताखालच्या पोलिसांनी बघावं, असं तिला मनापासून वाटलं.

तेवढ्यात शाळेची पिवळी बस पार्किंगमध्ये येऊन थांबली. रिकाम्या बसमधून एक उंच बाई उतरली. हार्लनची मुलगी डोरीन, बस चालवणारी. मुलांना शाळेत सोडून ती तशीच आली होती.

"मॅनेजरने फोनवर सांगितलं, बाबा कुलूप विसरले," ती म्हणाली. "तुम्ही तसं लिहिणार?"

"अजून काहीच लिहिलेलं नाही."

"घरातला पंखा दुरुस्त करतानासुद्धा ते मीटरच्या पेटीला कुलूप लावायचे. आई हसायची. चाळीस वर्षं त्यांनी या गावातल्या प्रत्येक पोराला हेच शिकवलं. त्यांच्या हाताखाली एकाचंही बोट गेलं नाही. आणि आता थडग्यात जाताना हे नाव घेऊन जायचं का त्यांनी? विसरभोळा म्हातारा?" तिचा आवाज फाटला. "मेले ते मेले. ते मी सोसेन. पण हे नाही."

वॉन्डाने सुस्कारा सोडला. आज बर्फ मिळणार नव्हता.

"चल पोरी. शेडमध्ये."

कॉलिअर फोनवर होता. रॉय अजून बादलीवरच. वॉन्डा पेटीपुढे वाकली, त्या नादात गुडघा कडाडला, आणि तिने पेटीतलं लाल कुलूप उचललं. रॉय अर्धवट उठला.

"मिस वॉन्डा, दुसऱ्याच्या कुलपाला..."

"हात लावत नाहीत. म्हणूनच सकाळपासून कुणी लावला नाही. तुझा भरवसा त्यावरच होता ना?"

तिने पिशवीतून नाडीची किल्ली काढून कुलपात घातली. अर्धीच गेली. उलटी करून घातली. तरी अर्धीच.

"काय आहे हे?" कॉलिअरने फोन खाली घेतला.

"हार्लनच्या गळ्यात हार्लनची किल्ली. बिल्लाही हार्लनचा. पण कुलूप त्याचं नाही. त्याचं कुलूप खटक्याला होतं, असायला हवं होतं तिथेच. कुणीतरी ते कापलं, यंत्र चालू केलं, आणि काय घडलंय ते दिसल्यावर बिल्ला नव्या कुलपावर चढवून ते पेटीत टाकलं."

"पण टायमर..."

"टायमर सातचा. लाटा इडालियाला चौथ्या छत्रीपाशी लागल्या. अर्ध्या तासात ती आठ छत्र्या उरकते. म्हणजे पावणेसात. पावणेसातला हाताने खटका ओढला गेला."

"मी त्या वेळी लॉबीत होतो! चार जणांनी बघितलंय!"

"ठाऊक आहे. तुम्हाला कुलूप कापायची कात्री कुठे टांगलेली असते तेही माहीत नसेल." ती रॉयकडे वळली. "सहा अडतीसला फोन का केलास, रॉय?"

"सांगितलं ना. नाश्त्याला..."

"साडेसहाला तो खायला जातो हे रोजचं. मग सहा अडतीसला 'येतोस का' कसलं विचारतोस? मंगळवारची गोष्ट तूच सांगितलीस. हार्लनला तू फोन कधी करतोस? त्याचं कुलूप खटक्याला दिसतं आणि तो दिसत नाही तेव्हा. आज तू घरी नव्हतास. इथे होतास, त्या कुलपासमोर."

बाहेर इडालियाचं दाताळं पुन्हा वाळूत चालायला लागलं होतं.

"दुसऱ्याचं कुलूप कापायच्या आधी काय करायचं असतं?" वॉन्डाने हळूच विचारलं. "त्याने शिकवलं असेलच."

"फोन करायचा," रॉय म्हणाला. त्याने हातांकडे बघितलं. "मग माणसाला शोधायचं. मग यंत्रापर्यंत स्वतः जाऊन डोळ्यांनी बघायचं."

"तू किती केलंस?"

"फोन केला."

"एवढंच?"

"पुलावरून जाऊन यायला बारा मिनिटं लागतात. धुक्यात बेट दिसत नव्हतं. हे," त्याने कॉलिअरकडे मान वळवली, "पाचपासून दर दहा मिनिटांनी फोनवर, चाललं का, चाललं का. तीन आठवडे मी नीट झोपलो नव्हतो. वाटलं, म्हातारा पुन्हा कुलूप विसरून ग्रिट्स खायला गेला. मालक यायच्या आधी एकदा चालवून बघू. पाच-सहा फेऱ्यांतच मोटार अडकली. तेव्हा गेलो पुलावरून. तेव्हा बारा मिनिटं मिळाली मला."

डोरीन त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. वॉन्डा पुढे व्हायला तयार होती, पण डोरीनने हात उचलला नाही.

"नुसती चूक झाली असती तर मी समजून घेतली असती, रॉय," ती म्हणाली. "तू आमच्याकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायचास. तू चूक केलीस आणि ती त्यांच्या नावावर घातलीस."

रॉयने उठून बादली सरळ केली. खाली तेलकट फडक्यात कडी कापलेलं लाल कुलूप होतं. सकाळपासून तो त्यावरच बसून होता. नाडीची किल्ली त्यात लोण्यात सुरी जावी तशी गेली आणि फिरली.

हाताखालचे पोलीस रॉयला घेऊन गेले. मालकांना निरोप द्यायला कॉलिअर लॉबीकडे निघाला, या वेळी घड्याळ न बघता. त्याचा जबाबही वॉन्डा घेणार होती, पण बसून.

बसच्या पायरीवर बसून तिने अहवालाचा कागद गुडघ्यावर घेतला. डोरीन शेजारी उभी होती. अशा अहवालात आधी तारीख, ठिकाण, हवामान लिहायचं असतं. वॉन्डाने ते सगळं रिकामं सोडलं, एक ओळ लिहिली आणि कागद डोरीनपुढे धरला.

मृत हार्लन पीव्ही यांनी कुलूप लावले होते.

डोरीनने ती वाचली. मग पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली, सकाळपासून पहिल्यांदाच.

वॉन्डाने पेन खिशात घातलं. उरलेलं दुपारी लिहिता येणार होतं.