खालचा टप्पा

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या तळावर दोनच माणसं होती आणि त्यांतलं एक मरणाच्या दारात होतं. भूशास्त्रज्ञ डॉ. शशिकांत बाक्रे विवरात कोसळले होते. पोटात रक्तस्राव सुरू होता. शस्त्रक्रिया होऊ शकत होती ती चंद्राभोवती फिरणाऱ्या मातृयानात. वैमानिक इरावती गावितजवळ वर जायला एकच आरोहयान होतं, आणि एका उल्काकणाने त्याच्या एका टाकीला भोक पाडलं होतं. निम्मं इंधन उडून गेलेलं. बर्फापासून नवं बनवायला महिना लागला असता. बाक्रेंपाशी एक दिवस होता.

"एवढ्या इंधनात यान कक्षेत जाणार नाही," पृथ्वीवरून मोहीमप्रमुख नलिनी रेगे म्हणाल्या.

"अख्खं नाही जाणार," इरावती म्हणाली. "पण मॅडम, रॉकेटला टप्पे का करतात? रिकाम्या टाक्या आणि थोरलं इंजिन शेवटपर्यंत वाहायचं तर इंधन लागतं. ते इंधन वाहायला आणखी इंधन. म्हणून काम झालं की टाकून द्यायचं. खालचा भाग सरळ उंच नेईल. तिथे वरची बसायची कुपी सुटी करू. कक्षेत राहायला लागणारा आडवा वेग तिचं छोटं इंजिन आपोआप देईल. एका माणसाचं ओझं तिला झेपेल."

"सुटी कोण करणार? तो खटका दुरुस्तीपुरता आहे. बाहेरून, हाताने ओढावा लागतो."

"मी खालच्या टप्प्यावर बसेन."

"टाकलेला टप्पा खाली कोसळतो, इरावती."

"माहीत आहे."

तिने बाक्रेंना पट्टे आवळले. त्यांना गुंगी चढत होती. "तू कुठे बसणार?" त्यांनी विचारलं. "खाली जागा आहे सर," एवढंच ती म्हणाली.

उड्डाण नीट झालं. ठरल्या उंचीवर इंजिन थांबवून तिने खटका ओढला. कुपी अलगद दूर सरली, तिच्याखाली निळसर ज्योत पेटली आणि बघता बघता ती क्षितिजाकडे निघून गेली. शिडीला बांधलेली इरावती उरली. वर, खाली, आजूबाजूला कुणीच नव्हतं. कानात बाक्रेंचा आवाज आला, "इरावती, आहेस ना?" मग तोही विरला.

टप्पा आता खाली येऊ लागला होता. सवयीनेच तिची नजर शिडीलगतच्या चालकफलकावर, इंधनाच्या काट्याकडे गेली. तळाशी थोडं उरलं होतं. अख्ख्या यानाला ते कस्पटासारखं होतं, पण यान आता अख्खं कुठे होतं? कुपी गेली, टाक्या जवळजवळ रित्या झाल्या.

"मॅडम, मी उतरू शकेन."

"इंजिन फार जोरकस आहे," रेगे घाईघाईने म्हणाल्या. "रिकाम्या टप्प्याला ते परत वर उडवेल. एकदाच पेटव, अगदी उशिरा. वेग संपला की बंद."

दगड वेगवेगळे ओळखू येईपर्यंत ती थांबली. मग कळ दाबली. सगळं अंग पिळवटून निघालं. कळ सोडली तेव्हा टप्पा एक पाय वाकलेला, पण उभा होता, तळापासून हाकेच्या अंतरावर.

बाक्रे वाचले. त्यांना घेऊन मातृयानाला पृथ्वीकडे निघणं भाग होतं.

"मला न्यायला कधी येणार?" इरावतीने विचारलं. नव्या आरोहयानासाठी महाकाय रॉकेट लागणार, ते बांधायला दोन वर्षं, हे तिलाही ठाऊक होतं.

रेगे म्हणाल्या, "अगं, जड भाग तर तुझ्याकडे उभा आहे! तू भोक बुजव, इंधन बनव. आम्ही फक्त कुपी पाठवायची. तिला तयार असलेलं छोटं रॉकेट पुरतं. तीन महिने."

इरावती हसली, आणि मग तिला हुंदका आवरेना.

"कुणीतरी नुसतं बोलत राहा," ती म्हणाली. "काहीही."

नियंत्रणकक्षातल्या एका तंत्रज्ञाने ध्वनिक्षेपक ओढला आणि आपल्या परसातल्या शेवग्याला यंदा किती शेंगा लागल्या ते सांगायला सुरुवात केली.