‘हळकुंड’ची दुसरी बाजू

मार्च लागला की कुरुंदा पिवळं पडतं. छपरं, दोरीवरची धुणी, म्हशींच्या पाठी, शाळेच्या खिडक्यांचे गज, कशावरही बोट फिरवा, हळदच लागते. कुरियरवाल्यानं वसमतहून आणलेलं खोकं अंगणात थोडा वेळ पडलं, तर तेही पिवळं झालं.

विजयकुमारनं हात साबणानं दोनदा धुतले आणि मगच खोकं उघडलं. आत एक रेकॉर्ड प्लेयर होता, आणि साध्या पांढऱ्या पाकिटात एक काळी तबकडी.

“शिला, इकडं ये. आली बघ.”

शिला गावातल्या हायस्कूलात विज्ञान शिकवायची. शाळा सकाळची असल्यामुळं ती नुकतीच घरी येऊन पाय धूत होती. नवऱ्याचा आवाज कापतोय हे तिला मोरीतूनच कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो असा बोललेला तिनं ऐकला नव्हता.

पुण्यात शिकत असताना विजयकुमारनं एक अल्बम केला होता. घरी हळकुंडं घासून पॉलिश करणाऱ्या, मोटरवर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमचा आवाज टेपरेकॉर्डरवर भरून नेला आणि मित्राच्या कॉम्प्युटरवर कापून, जोडून त्याचं संगीत केलं. त्याला टेक्नो म्हणतात. त्यात गाणं नाही, शब्द नाहीत, ठेक्यावर ठेका चढत जातो आणि छातीत वाजतो. नाव ठेवलं ‘हळकुंड’. थोड्या कॅसेटी खपल्या. तेवढ्यात वडील गेले, आणि तो शेतीवर परत आला तो आलाच. पुन्हा त्यानं त्याचं नाव काढलं नाही. पण त्यातली एक कॅसेट कुणाबरोबर तरी युरोपात गेली, हातोहाती फिरली, आणि टेक्नोच्या दर्दी लोकांत ‘हळकुंड’ हे मोठं नाव होऊन बसलं. मराठवाड्यात हळद पिकवणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. राजनंदिनी नावाच्या पुण्याच्या एका मुलीनं त्याला हुडकून काढलं. बर्लिनची एक छोटी कंपनी अल्बम तबकडीवर पुन्हा काढणार होती. त्याआधी ही नमुन्याची तबकडी त्यानं ऐकायची, चोख आहे म्हणून कळवायचं, मग बाकीच्या निघणार.

अडचण एकच होती. ड्रमशेजारी उभं राहून राहून त्याचे कान गेले होते. जाड, खालचे आवाज येत. बारीक, वरचे येत नसत. कुकरची शिट्टी नाही, पाखरं नाहीत. शिलाचं बोलणंही तो निम्मं तिच्या ओठांवरून ओळखायचा.

“तूच ऐक,” तो म्हणाला. “खरखर, टिकटिक, सुई उडती का, तेवढं सांग. मला ठेका कळंल, बाकी न्हाई.”

शिलानं डोळे मिटून ऐकलं. आधी नुसता गडगडाट. मग त्यात हळकुंडांची सरसर, मोटरच्या पट्ट्याची फटफट, आणि तिच्या नकळत तिचा पाय हलायला लागला. पहिल्या बाजूच्या मध्यावर कुकरची शिट्टी झाली. ती उठून स्वयंपाकघरात गेली. कुकर धुऊन पालथा घातलेला होता.

“तुमच्या गाण्यात कुकर हाय का?”

“कुकर?” तो हसला. “आमच्या खोलीवर साधा स्टोव्ह न्हवता.”

शेजारचा असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. संध्याकाळी वरण शिजत असताना शिट्टी झाली, तेव्हा मात्र ती ओट्याशी उभी राहिली. शेवटाला थोडी घसरणारी, थुंकल्यासारखी शिट्टी. तिच्याच कुकरची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुन्हा तबकडी लावली. कुकर त्यात नव्हता. त्या जागी फाटक करकरलं आणि ठेक्याच्या पार मागून कुणी बाई बोलली, “आज तुमच्याकडं आलं का वो पाणी?” ठेका तसाच पुढं गेला. बाजू संपली. शिला सुई उचलत होती तेव्हा फाटक करकरलं, आणि शेजारच्या पद्माबाई डोक्यावर पदर घेत आत आल्या.

“आज तुमच्याकडं आलं का वो पाणी?”

शिलानं आधी तबकडीकडं बघितलं, मग पद्माबाईंच्या तोंडाकडं. “तब्येत बराबर न्हाई का बाई?” म्हणून त्या निघून गेल्या.

शिला घाबरट नव्हती. तिनं मोबाइलवर तबकडीचा आवाज भरला. त्यात नुसता ठेका आला. मग राजनंदिनीला फोन लावला आणि आडून विचारलं, तबकडीत भलतेच आवाज येऊ शकतात का?

“येतात ना,” राजनंदिनी उत्साहानं म्हणाली. “खाचा एकमेकींना खेटून असतात. पुढच्या खाचेतला आवाज आधीच्या खाचेत बारीक उमटतो. म्हणजे जे वाजायचं आहे, ते तुम्हाला आधीच ऐकू येतं.”

“किती आधी?”

“फार नाही हो. एक फेरा. दोन सेकंद.”

कारण मिळालं, पण शिलाला बरं वाटलं नाही.

दुसरी बाजू तिनं रविवारी ऐकली. विजयकुमार समोर बसून तिच्या तोंडाकडं बघत होता, निकाल लागणाऱ्या पोरासारखा. त्या बाजूला कुकर नव्हता, फाटक नव्हतं. शेवटच्या तुकड्यात ठेका पुन्हा नुसत्या ड्रमवर येतो. तिथं लांबून कुणीतरी पळत आलं. अनवाणी पाय. आणि शिलाला स्वतःचा आवाज ऐकू आला.

“अहो! बंद करा! ड्रम बंद करा!”

ड्रम बंद झाला नाही. सुई मधोमध जाईपर्यंत तो फिरत राहिला.

“कशी हाय?” विजयकुमारनं विचारलं. “सांग की. ती पोरगी सारखी विचारून राहिली.”

“अजून एकदा ऐकावं लागंल,” शिला म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. खराब निघाली म्हणावं, तर पंचवीस वर्षांनी दारात आलेलं परत जाईल. चोख आहे म्हणावं, तर हे असं जगभर जाईल. राजनंदिनीला कळवायचं शिलानं पुढं ढकललं. पण त्या दिवसापासून तिचा पाय घरात ठरेना. शिकवता शिकवता ती खिडकीपाशी जायची आणि ड्रमच्या शेडचा आवाज येतो का ते बघायची. एकदा तर मुलांना प्रश्न घालून मधेच घरी येऊन गेली. नवऱ्याला वसमतला पाठव, बँकेत पाठव, काहीही करून ड्रमपासून लांब ठेव, असं चाललं. ड्रम चालवायला तांड्यावरचा प्रेमदास यायचा. त्यानंच शेवटी विचारलं.

“बाई, मालकाला काहून येऊ देईना तुमी? माझं काई चुकलं का?”

“न्हाई रे. त्यांच्या कानाला तकलीफ हाय.”

“कान तं कवाच गेले त्यांचे,” प्रेमदास म्हणाला.

विजयकुमारशी तर भांडणच झालं. “तू सांगत का न्हाईस काही? वाईट हाय तर वाईट म्हण!” त्यानं ताट सरकवलं आणि तो दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. प्रेमदास जेवायला लिंबाखाली बसला होता. शेडमधून ड्रमचा आवाज येत होता, म्हणजे विजयकुमार तिकडंच होता. शिला उठलीच होती, पण जाता जाता तिनं तबकडीची दुसरी बाजू लावली आणि सुई थेट शेवटच्या तुकड्यावर ठेवली. का ठेवली, हे तिला पुढंही सांगता आलं नाही.

ठेका आला. सरसर आली. पट्टा फटफटला.

तिचा आवाज आला नाही.

तिनं पुन्हा सुई ठेवली. नव्हता. तबकडी स्वच्छ होती, खरा कुकर वाजल्यावर झाली होती तशी.

शिला अनवाणी पळाली.

शेडमध्ये पिवळ्या धुरळ्यात काही दिसत नव्हतं. मग तो दिसला. मोटरपाशी वाकलेला, पाठमोरा. गळ्यातल्या गमज्याचं टोक पट्ट्याकडं लोंबत होतं.

“अहो! बंद करा! ड्रम बंद करा!”

आवाज तिचाच होता, आणि तो तिला लांबून ऐकू आला.

त्यानं मान वळवली नाही. तिची किंकाळी त्याला पोचणारच नव्हती.

गमजा पट्ट्यात गेला. विजयकुमार गुडघ्यावर आला.

शिला त्याच्याकडं गेली नाही. ती भिंतीकडं गेली आणि स्टार्टरचं लाल बटण दोन्ही तळव्यांनी दाबलं.

ड्रम आणखी थोडा फिरला. मग थांबला.

प्रेमदासनं विळ्यानं गमजा कापला. विजयकुमार खोकत होता, गळ्याभोवती लाल वळ उठला होता. “तू कशी काय आलीस?” तो परत परत विचारत राहिला. शिला त्याच्या पाठीवरची हळद झटकत राहिली.

आठवडाभरानं तिनं दोन्ही बाजू पुन्हा ऐकल्या, त्याच्यासमोर, जिवाचा कान करून. कुठंच काही नव्हतं. तिनं स्वतः राजनंदिनीला कळवलं, तबकडी चोख आहे. पट्ट्यावर लोखंडी जाळी बसली. विजयकुमारचा वळ गेला, अबोलाही गेला.

दिवाळीच्या आधी छापील वेष्टनातल्या तबकड्या आल्या. कव्हरवर पिवळा ड्रम, खाली त्याचं नाव. बाहेरदेशांतून लोकांचे निरोप येत, राजनंदिनी ते पाठवी, शिला वाचून दाखवी आणि विजयकुमार लाजून मान खाली घाली. रोज दुपारी तो एक तबकडी लावून बसायचा, तळहात स्पीकरवर ठेवून. शिला बिनघोर आपली कामं करायची.

एका दुपारी ती त्याच्याजवळ भाजी निवडत बसली होती. दुसरी बाजू संपत आली होती.

“शिला, हे तू कधी भरलंस?” तो हसून म्हणाला.

“काय?”

“हे शेवटाला. किती हळू बोलतीस, पण शब्द न् शब्द कळला बघ मला. इतक्या वर्षांत असं झालं न्हवतं.”

शिलाच्या हातातली जुडी तशीच राहिली. “काय म्हणते मी?”

“‘येते हं मी,’ म्हणतीस. मग कडी लावल्याचा आवाज. परत काढल्याचा न्हाई.”

तिनं उठून स्पीकरला कान लावला. ड्रम फिरत होता. हळकुंडांची सरसर होती, पट्टा होता. दुसरं काहीही नव्हतं.

“आत्ता,” तो म्हणाला. “आत्ता परत म्हणालीस.”

त्याचे डोळे मिटलेले होते. ती शाळेला निघताना रोज सकाळी म्हणायचा, तसंच तो मान वर न करता म्हणाला, “बरं. ये.”