शार्कच्या दातांचं विमान

शहरात मेन रोडवरच्या त्या दुकानात खेळणी, लोकर, भरतकामाचं रेशीम सगळं एकाच काउंटरवर मिळायचं. मी रेशमाच्या लडी घ्यायला गेले होते, विमानं बघायला नाही. विमानं आमच्या ओझरला रोज डोक्यावरून जातात.

शहाण्णव सालची, द्राक्षांच्या दिवसांतली संध्याकाळ. काउंटरपाशी एक उंच मुलगा दोन डबे समोर ठेवून उभा होता. आत विमानाचे सुटे भाग, घरी नेऊन चिकटवायचे आणि रंगवायचे. एका डब्यावर रशियन मिगचं चित्र. दुसऱ्यावर जुनं अमेरिकन लढाऊ विमान, नाकावर शार्कचे दात रंगवलेलं. तो एकदा या डब्याकडे बघे, एकदा त्या... लग्नाचा शालू निवडावा तसा.

मला हसू आलं. त्याने ते बरोबर पाहिलं.

"हसू नका, सांगा," तो म्हणाला. "यातलं कुठलं घेऊ?"

"कुणासाठी?"

"परवा मुलगी बघायला जायचंय ओझरला. तिचे वडील मिगच्या कारखान्यात आहेत, विमानाची चाकं बसवतात. देवरे म्हणून."

माझ्या हातातली मोरपंखी लडी सुटली ती सुटतच गेली. चाकं बसवणारे देवरे म्हणजे माझे अण्णा. आणि हा कळवणचा महेश आहेर – आमच्या शेजारच्या मंगलाबाईंनी आणलेलं स्थळ. मी त्याचा फोटोसुद्धा बघितला नव्हता. बी.ए.ची परीक्षा तोंडावर आलेली, आणि मी न बघताच नाही म्हणायचं ठरवून बसले होते. अण्णांपुढे ते बोलायचं कसं, एवढंच अडलं होतं.

"मुलगी बघायला जाताना कुणी खेळणं नेतं का?"

"पेढे सगळेच नेतात. पेढे मुलीची आई कपाटात ठेवून देते." तो डब्यावरून बोट फिरवत होता. "म्हटलं, वडिलांच्या हाताला काहीतरी काम द्यावं."

उत्तर आवडण्यासारखं होतं. म्हणून तर मी घाई केली.

"शार्कवालं घ्या."

अण्णांना अमेरिकन विमानांचं भारी वावडं. टीव्हीवर दिसलं तरी उठून अंगणात जायचे. हा डबा पुढे आला की स्थळ आपोआप बारगळणार होतं आणि मला तोंडही उघडावं लागणार नव्हतं.

"नक्की?"

"नक्की. मिग बघून बघून कंटाळले असतील ते."

तो माझ्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ. "तुम्हाला ओझरची बरीच माहिती दिसते."

"ऐकून आहे. तिथे एक गृहस्थ आहेत म्हणे. जेवताना विमानाचा आवाज आला की घास हातातच धरतात. ते सुखरूप उतरलं की मगच खातात."

हे मी का बोलले, कोण जाणे. अण्णांची ही गोष्ट मी मैत्रिणींनाही कधी सांगितली नव्हती. त्याचं ऐकणंच तसं होतं – समोरच्याला बोलतं करणारं. तो खाली वाकला, सुटलेलं रेशीम उचलून चार बोटांभोवती हळूहळू गुंडाळू लागला.

"ओढू नका, गुंता होईल," म्हणत त्याने लडी माझ्या हातावर ठेवली. त्याच्या बोटांची ऊब तिच्यात राहिली होती.

बसमध्ये मी ती मुठीतच धरून बसले. खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे संध्याकाळच्या उन्हात पिवळे होत मागे सरकत होते, आणि मला सारखी ती चार बोटं दिसत होती. दहावा मैल हा स्टॉप येईपर्यंत माझं मला कळलं – मला तो हवा होता. आणि मीच त्याला शार्क घ्यायला लावला होता.

त्याचा पत्ता माहीत नाही, फोन नाही, आणि मंगलाबाईंना विचारावं तर सगळ्या गल्लीला कळणार. रात्री अण्णांना म्हटलं, "अमेरिकन विमानंही तशी वाईट नसतात, नाही?"

"ताप आला का गं तुला?" अण्णा म्हणाले.

ठरल्या दिवशी तो आला, त्याच्या मामांबरोबर. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा. मी पोहे घेऊन गेले तेव्हा त्याने वर पाहिलं, आणि त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही. मीच ट्रे सांभाळत राहिले.

तेवढ्यात आकाशात घरघर सुरू झाली. अण्णांचा चमचा हवेत थांबला. मामा खात होते. महेशचा चमचाही थांबला होता. आवाज मोठा झाला, घरावरून वळला, विरत गेला.

"उतरलं," अण्णा म्हणाले. मग त्यांचं लक्ष महेशच्या बशीकडे गेलं. "तुम्ही का थांबलात?"

"एकांनी सांगितलं होतं," तो म्हणाला आणि डबा पुढे केला.

कागद फाटला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा अण्णा चष्मा लावून मिगचे भाग एकेक उजेडात धरून बघत होते, पाहुण्यांना पार विसरून.

आईने महेशच्या हातावर रव्याचा लाडू ठेवला आणि आम्हाला मागच्या पेरूखाली पाठवलं.

"शार्क का नाही आणलंत?" मी विचारलं.

"सांगताना तुमचा हात मिगच्या डब्यावर होता. सगळा वेळ." त्याने खिशातून एक फोटो काढला. माझाच. "आणि हा तेव्हाही खिशात होता."

"म्हणजे तुम्ही ओळखलं होतंत?"

"हो. उलटं सांगितलंत तेव्हा हेही कळलं, की मी तुम्हाला नकोय."

"मग आलात कशाला?"

"त्या घासाचं सांगितलंत म्हणून. नको असलेल्या माणसाला कुणी घरातलं असं सांगत नाही... पण माझी चूक झाली असेल तर नकार मीच कळवतो. तुमच्यावर काही येणार नाही."

इतकं सोपं केलं त्याने.

आतून अण्णांनी हाक मारली. "महेशराव, चाकं बाहेर ठेवायची का पोटात घ्यायची? आधीच ठरवा, एकदा चिकटवलं की संपलं."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"बाहेर, अण्णा," मी ओरडून सांगितलं. मग हळूच, त्याला म्हटलं, "परीक्षेनंतर चालेल? मला... आवडलात तुम्ही."

तो लाडू हातातच धरून उभा होता. मला त्याच्या हाताकडे बघून हसू फुटलं.

"उतरलं," मी म्हणाले.

हातातला लाडू त्याने तेव्हा कुठे तोंडात घातला.