पुंजाची लाठी आणि ढवळ्याचा पाय

"सोडा त्याले! आत्ताच्या आत्ता सोडा!"

कोकिळा गोठ्याच्या दारातूनच ओरडली. आत तिचा अकरा वर्षांचा भाऊ पुंजा खुंट्याला बांधलेला होता. तोही पायात बैलाचं दावं अडकवून! आणि बांधणारे दुसरेतिसरे कोणी नव्हते, खुद्द त्यांचे वडील नारायणराव होते.

"किसनराव म्हनतात, पुंजानं त्यायच्या ढवळ्याच्या पायावर लाठी हानली," नारायणराव खालमानेने म्हणाले. "बैल लंगडून राह्यला. आखाड्याचे पंच हायेत ते. पुंजाले आखाडा बंद केला त्यायनं. मी काय करू, बाई?"

"मारतांना पाह्यलं कोनी?"

"कोनी नाही. पन..."

तो 'पन' ऐकून कोकिळेच्या अंगाचा तिळपापड झाला. पुंजा चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा. सदऱ्याची गुंडी अजून त्याला लावता येत नव्हती. एवढ्यावरून अमडापुरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की नाव पुंजाचं! एका दयाराम वस्तादांनी तेवढं त्याला जवळ केलं, हातात लाठी दिली आणि एकेक हात वर्षभर घोटून घेतला. ताट यायला उशीर झाला की किंचाळणारा पुंजा आता आपली पाळी येईपर्यंत लाठी खांद्याला लावून गुमान उभा राहायचा. रिंगणात माणूस येवो की कोंबडी, लाठी खाली, हा आखाड्याचा नियम बाकीची पोरं विसरायची. पुंजा कधीच नाही! आणि आता तोच आखाडा त्याच्यापासून हिसकावून घेतला होता.

दिवाळीची सुट्टी होती. कोकिळेने तिच्या वर्गातल्या वच्छलेला आणि माणिकला हाक मारली आणि तिघं तडक किसनरावांच्या गोठ्यात शिरली. किसनराव बाजाराला गेले होते.

"अबे, पायाले सूज नाही, वळ नाही!" माणिक ढवळ्याच्या पायावरून हात फिरवत म्हणाला. "मंग हा पाय टेकत काऊन नाही?"

त्याने खूर उचलला. नवाकोरा नाल! त्याचा एक खिळा तिरपा होऊन थेट मांसात घुसला होता आणि भोवती पू साचला होता.

"रुखमाकाकू, ढवळ्याले नाल कोनं ठोकला?" वच्छलेने साळसूदपणे विचारलं.

किसनरावांच्या बायकोने, रुखमाबाईंनी कपाळाला हात लावला. "यायनंच! कापसाची गाडी न्याची घाई. नालबंद येईपर्यंत दम निघते काय यायले?"

"चाल, गावभर सांगून टाकू!" माणिक उड्या मारू लागला.

"पोरायचं कोन ऐकते बे?" कोकिळा दातओठ खात म्हणाली. "म्हनतीन, पुंजानं मारलं ते मारलंच. त्यायच्याच हातानं बैल आखाड्यात आनला पाह्यजे."

किसनराव परतले तेव्हा ती वाटेतच उभी होती. राग गिळून, अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली, "काका, संध्याकाळी पुंजाच्या हाती लाठी देऊन पाहा. ढवळ्याले समोर आना. त्यानं मारलं तं साऱ्या गावाले दिसन."

"आनतो! होऊन जाऊ दे!" किसनराव मिशीला पीळ देत गरजले. "येडं ते येडंच, कळू दे लोकायले!"

संध्याकाळी मारुतीपुढच्या आखाड्याभोवती गाव जमलं. नारायणरावांनी दावं सोडून आणलेला पुंजा पायावरचे वळ घेऊन मातीत उतरला. त्याने सलामी दिली आणि लाठी सूं सूं फिरू लागली. एवढ्यात किसनरावांनी ढवळ्याला मागून ढकललं!

कोकिळा रिंगणाच्या कडेपर्यंत पुढे सरकली. याला बांधलं, येडं म्हटलं, आखाडा बंद केला. आज याने राग काढला तर?

लाठी वरून खाली येता येता थांबली. तिचं टोक मातीला टेकलं. पुंजा खांबासारखा उभा राहिला, आणि ढवळ्या लंगडत त्याच्या शेजारी येऊन थांबला.

"आता हे पाहा!" माणिकने झेप घेऊन खूर वर केला.

दयाराम वस्ताद वाकले. "किसनराव, हा खिळा लाठीनं शिरला काय हो?"

"म्या म्हनलंच होतं, नालबंदाले बोलवा!" गर्दीतून रुखमाबाईंचा आवाज आला आणि अख्खा आखाडा खो खो हसला.

नारायणराव धावत मातीत उतरले. पुंजाच्या पायावरचे वळ चोळत ते रडू लागले. "चुकलो रे, बाबू. पोटच्या पोरावर इश्वास नाही ठेवला मी."

"शाबास पोरायहो!" वस्ताद म्हणाले. "मोठ्यायले दिसलं नाही ते तुमाले दिसलं!"

किसनरावही ओशाळं हसत कोकिळेची पाठ थोपटायला आले. "लय हुशार निघाली तू, पोरी!"

तिने त्यांचा हात झटकला. "मले शाबासकी नोको! बांधलं होतं त्याले. त्याच्याशी बोला!"

किसनराव घुटमळले. मग पुंजासमोर जाऊन पुटपुटले, "चूक झाली, पुंजाजी. तू रोज येत जाय आखाड्यात."

"जोरात!" कोकिळा कडाडली. "येडा म्हनतांना साऱ्या गावाले ऐकू जात होतं!"

हसणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो शब्द कधी ना कधी वापरला होताच. किसनरावांनी मान वर केली आणि पार मारुतीच्या देवळामागे ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.