रावेतच्या पेटीचा वास

बसा पोरांनो, आणि मधे कोणी बोलू नका. आमच्या खात्यातल्या भीमराजच्या बाबतीत घडलेलं आहे हे. पदरचं एक अक्षर घालत नाही.

चौऱ्याहत्तर सालचा नोव्हेंबर. पिंपरीत भीमराजची खोली नवी, मुलगी पाच महिन्यांची, आणि कपडे ठेवायला काही नाही. रावेतला चिमाबाई नावाच्या म्हातारीकडे जुनी सागवानी पेटी पडून आहे, असं कळलं. सुट्टीच्या दिवशी तो ओळखीच्याची बैलगाडी घेऊन गेला. पेटी दणकट होती. फक्त झाकण उघडलं की आंबलेल्या दुधासारखा वास यायचा.

"त्यो वास घालवाया जाऊ नगा," चिमाबाई म्हणाली. "हाय तसा असू द्या."

म्हातारीचं बोलणं कोण मनावर घेतो? भीमराज आणि त्याची बायको कस्तुरा वासाच्या हात धुऊन मागे लागले. चार दिवस पेटीला ऊन दाखवलं. सोड्याच्या पाण्यानं पुसली. आत कोळसे ठेवले, कडुनिंबाचा पाला ठेवला. दुपारी वास कमी व्हायचा, तिन्हीसांजेला पुन्हा ताजा. शेवटी भीमराजनं पॉलिश पेपर आणला आणि आतलं लाकूड नवं दिसेस्तोवर घासून काढलं.

अकरा डिसेंबर, बुधवार. सेकंड शिफ्टला निघताना त्यानं पेटीत नाक खुपसलं. नुसतं लाकूड.

"गेला गं एकदाचा!"

रात्री पाऊण वाजता तो परतला. कस्तुरानं झोपेतून उठून दार उघडलं. तो उंबऱ्यातच थबकला.

वास. साऱ्या खोलीत.

त्यानं पेटी उघडली. पेटीत नव्हता. हुंगत हुंगत तो पुढे सरकला... लेकीच्या झोळीपाशी आला.

झोळी हलत होती.

मुलगी टक्क जागी. रडत नव्हती. ओठ हलत होते... दूध पिताना हलतात तसे.

"आत्ता पाजलंस?"

"नाही. मी झोपले होते."

"मग झोका कुणी दिला?"

कस्तुरा झोळीकडे वळली...

झोळी थांबली. एकदम. कुणी हातानं धरावी तशी.

भीमराजनं लेक उचलली, बायकोचा हात धरला आणि शेजारी सोपानरावांचं दार ठोठावलं. उजाडेपर्यंत तिघं तिथंच.

सकाळी पेटी घेऊन तो रावेतला गेला. चिमाबाईनं झाकण उघडून हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"माझ्या धाकल्या जावंची पेटी ही. ओली बाळंतीण गेली. लेकरूबी गेलं. वास येत व्हता तवर ती यात हाय, एवढं तरी कळत व्हतं रं बाबा."

"आणि आता?"

चिमाबाईनं घासलेल्या लाकडावरून हात फिरवला...

भीमराजनं त्याच दिवशी बिऱ्हाड सांगवीला हलवलं. रात्रभर दोघं आळीपाळीनं जागले. वास नाही, चाहूल नाही. पहाटे जरा डोळा लागला.

उजाडल्यावर कस्तुरा लेकीला अंघोळीला घ्यायला वाकली आणि तशीच राहिली. पोर हसत होती. दोन्ही डोळ्यांत रेखून काजळ घातलेलं, गालावर तीट. अजून ओली.

कस्तुराच्या घरात काजळाची डबीच नव्हती.