दगडी बूच

शेगडीचं दार आधी नीट लावा, पोरांनो. का, ते ऐकल्यावर कळेल.

हाइनो माझ्याबरोबर विटा रचायचा. धुराडी बांधणारा साधा माणूस, थापा मारणारा नव्हे. त्याची थोरली बहीण एंडला तालिन शहराच्या जुन्या भागात राहायची. तसली घरं तुम्ही पाहिलीत. टोकदार कमानीचं दार, वर शेंड्यापर्यंत धान्याची कोठारं आणि माणसांना मागची एकच उबदार खोली. घर बांधणारा व्यापारी पैसेवाला, पण हिवाळाभर सगळं बिऱ्हाड त्या एका खोलीत! तिच्याखाली तळघरात भट्टी, भट्टीवर दगडांचा ढीग, आणि वर फरशीला भोक. भोकाला दगडी बूच. लाकडं जळून विझली की बूच काढायचं, ऊब वर येते. आधी काढलं तर धूर येतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. आता ती भट्टी चिणून किती पिढ्या लोटल्या, कुणाला ठाऊक.

दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांसाठी खिडकीत मेणबत्ती लावतात त्या रात्री, हाइनो बहिणीला काळा पाव आणि खारी मासळी द्यायला गेला.

"बूट काढ आणि पाय टेक," एंडला म्हणाली.

फरशी कोमट होती.

"ताई, हे कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस. तार्वोला सांगितलं तर म्हणतो, आत्या, तुझं डोकं फिरलंय, वृद्धाश्रमात चल." तार्वो त्यांच्या वारलेल्या भावाचा मुलगा. वरच्या मजल्यावर राहायचा. त्याला त्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. "तोच खाली पेटवतो. बूचही त्यानंच चिकटवलंय. ओढून ओढून बोटं सोलली माझी. तू डोळ्यांनी बघ, नाहीतर सोमवारी मला पोचवतोय तो."

"तार्वो? तो अंडं उकडताना हात भाजून घेतो."

"मग हाताला पट्टी कसली बांधलीय, विचार की!"

एंडला झोपली. हाइनो दिवा मालवून बसला.

साडेअकराच्या सुमारास फरशी तापू लागली. खाली लाकूड तडकलं.

सापडलास बेट्या, हाइनो मनात म्हणाला. भोकातून जाळ दिसला की झालं. जन्मभर धुराडी बांधली, आणि रागाच्या भरात नियमच विसरला. गुडघ्यांवर बसला. बुचाची कडी धरली. ओढली.

बूच हललं. चिकटवलेलं नव्हतं.

बोटभर वर आलं...

आणि खाली गेलं.

त्यानं पुन्हा ओढलं.

पुन्हा खाली. झटक्यानं नव्हे. हळू... लेकराच्या हातून सुरी काढून घ्यावी तसं.

"तार्वो?"

"तार्वो, सोड."

खाली नुसतं लाकूड जळत होतं.

मग पाठीमागे खोकला. दार ढकलून तार्वो आत कोसळला, काजळीनं काळा.

"काका... धुराडं बुजलंय... सगळा धूर दगडांत कोंडलाय... बूच काढू नका!"

हाइनोच्या मुठीत कडी होती.

कुणीतरी ती अजून खाली ओढत होतं.

दोघांनी एंडलाला उचलून गल्लीत आणलं. तार्वोनं सगळं कबूल केलं, रडत: आत्या वेडी ठरावी म्हणून चिणलेली भट्टी त्यानंच फोडून पेटवली होती. वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही.

भट्टी पार गार झाल्यावर हाइनोनं मला तिथं नेलं. माझ्यासमोर कडी ओढली. बूच सहज निघालं. खाली दगडांवर दगड. मांजर शिरेल एवढीही जागा नाही.

त्यानं बूच उलटं केलं.

बुडाला काजळीचा जाड थर. त्यात चार बोटांचे ठसे, बारीक, बाईचे असावेत तसे. आणि पलीकडे अंगठ्याचा.

हाइनोनं ते न पुसताच परत बसवलं.