काचेमागचा महिपती

ही घटना खरी आहे.

रोजचा जप झाल्याशिवाय मी तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही, आणि आज जप करूनच हे लिहायला बसले आहे. यात पदरचं काही नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे थोरले दीर, श्रीधरभाऊजी. शनिवार पेठेत आम्ही एकाच घरात राहतो. त्यांनी जे मला सांगितलं आणि जे मी डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच लिहिते.

जागा, वारज्याजवळ हायवेला लागून नवीन झालेलं ते गोल सभागृह. वेळ, गेल्या वर्षीच्या आषाढातला एक रविवार... संध्याकाळचा कार्यक्रम.

पण आधी ‘चकमक’बद्दल सांगायला हवं.

‘चकमक’ म्हणजे भाऊजींचा रॉक बँड. कॉलेजात असताना तिघा मित्रांनी काढलेला. भाऊजी गिटार वाजवायचे आणि गायचे. बेस गिटारवर बाळ. ड्रमवर महिपती. मी या दोघांना बाळराव, महिपतराव म्हणायची, पण इथे भाऊजींच्या तोंडची नावंच ठेवते.

महिपती खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होता. तिथे जड पेट्या हलवताना सगळे मिळून एक आरोळी द्यायचे. दुसरे ड्रमवाले गाण्याआधी एक-दोन-तीन-चार मोजतात. महिपती काठीवर काठी आपटायचा आणि कारखान्यातल्यासारखा ओरडायचा, “उचला!”

आणि गाणं उचललं जायचं.

तिघांचीही साठी उलटून गेली, तेव्हा त्यांनी निरोप घ्यायचं ठरवलं. एका कार्यक्रमात नव्हे. पावसाळाभर, दर शनिवार-रविवार, त्याच एका सभागृहात. मी एकदा गेले होते. चारी बाजूंना पडदा, डोक्यावरही पडदा. डोंगर आपल्या अंगावर चालून येतो, वीज चमकली की खुर्ची हादरते. मी तर शेजारच्या बाईंचा हात धरून बसले होते.

हे सगळं चालतं ते एका ठोक्यावर. वाजवणाऱ्यांच्या कानात एक छोटं यंत्र असतं, त्यात सारखी ठक-ठक चालू असते. चित्र, दिवे, आवाज, सगळं त्या ठक-ठकीला बांधलेलं. वाजवणारा मागे राहिला, तर डोंगर काही त्याच्यासाठी थांबत नाही.

आणि महिपतीचा हात आता थरथरायला लागला होता.

पहिल्याच तालमीत डोळ्यांना दिसलं. वीज आधी पडत होती... आणि ड्रम नंतर वाजत होता.

महिपती जेवायला गेल्यावर आवाजाचं काम बघणाऱ्या नम्रताताई भाऊजींकडे आल्या. “सर, एक करता येईल. तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून ड्रम वेगळा काढू आणि तोच लावू. सभागृहासाठी महिपती सरांचे माइक बंद ठेवू. ते काचेच्या खोलीत बसतात, त्यामुळे बाहेर काही ऐकू येणार नाही. त्यांचं वाजवणं फक्त त्यांच्या कानातल्या यंत्रात जाईल.”

“म्हणजे तो घाम गाळणार आणि ऐकू कुणालाच जाणार नाही?” बाळनं विचारलं.

“वाजणार त्याचाच ड्रम आहे ना,” भाऊजी म्हणाले. “फक्त तरुणपणचा.”

“मग सांग त्याला तसं.”

“सांगितलं तर बसेल का तो? उठून खडकीला चालता होईल. राहू दे. शेवटचं वाजवू दे त्याला.”

“वा! त्याच्या भल्यासाठीच त्याला मुका करायचा. तुला एखाद्या देवस्थानचा विश्वस्त करायला हवं, श्री.”

बाळ टोमणा मारून गप्प बसला. भाऊजींनी नम्रताताईंकडे बघून होकारार्थी मान हलवली.

एवढंच. एक मान हलवली.

कार्यक्रम रंगायला लागले. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. महिपती काचेतून बाहेर यायचा, शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा लहान मुलासारखा फुललेला.

“श्री, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय का रे मी?”

“पोचतोस की.”

“हात जरा जड झालाय. पण लोकांना कळत नाही, नाही का?”

“छे! कुणाला कळतंय?”

दर वेळी तो हेच विचारायचा. दर वेळी भाऊजी हेच सांगायचे.

मग तो रविवार आला.

गाणं ऐन भरात होतं. रतनवहिनी, म्हणजे महिपतीच्या पत्नी, त्या दिवशी पुढे बसल्या होत्या. भाऊजींनी सहज मान वळवली, आणि...

महिपतीच्या हातातली काठी निसटली.

मग दुसरीही.

त्याचे दोन्ही हात रिकामे होते. आणि ड्रम वाजत होता. दणक्यात. पायाखालची जमीन हादरत होती.

महिपती आपल्या हातांकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर केली आणि काचेतून थेट भाऊजींकडे पाहिलं.

भाऊजींनी तोंड फिरवलं. पडद्यावरच्या डोंगराकडे बघत ते गात राहिले.

पुन्हा वळून पाहिलं, तेव्हा महिपतीनं काठ्या उचलल्या होत्या. तो शेवटपर्यंत वाजवत होता. पण त्या दिवशी तो काही विचारायला आला नाही. “बस मिळायची नाही,” म्हणाला आणि वहिनींना घेऊन निघून गेला.

भाऊजी मला म्हणाले, “श्यामला, उद्या जातो खडकीला. पाया पडतो त्याच्या.”

सोमवारी त्यांना काम निघालं. मंगळवारी पाऊस होता.

बुधवारी सकाळी महिपती दूध आणायला म्हणून चपला घालायला वाकला, तो उठलाच नाही.

कार्यक्रम थांबले. तेरावा झाल्यावर पुन्हा सुरू झाले, कारण राहिलेले कार्यक्रम आधीच ठरलेले होते. नवा माणूस घ्यायची गरज नव्हती, ड्रम तर आधीपासूनच रेकॉर्डवर होता. काचेच्या खोलीत रिकाम्या ड्रमना हार घातला. पडद्यावर महिपतीचे जुने फोटो आभाळाएवढे झाले. लोक रडले.

पुन्हा सुरू झाल्यावरच्या पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी भाऊजी मंचावर एकटे गिटार जुळवत होते. खुर्च्या रिकाम्या. लख्ख दिवे.

कानात ठक-ठक चालू होती. ठक... ठक... ठक...

आणि तिच्यामागे, किंचित उशिरानं... आणखी काहीतरी.

धप्.

ठक... धप्. ठक... धप्.

थकलेल्या हाताचा ठोका. प्रत्येक वेळी मागे राहणारा.

भाऊजींनी यंत्र कानातून काढलं. सभागृहात शांतता होती. पुन्हा घातलं.

ठक... धप्.

“सर,” मागून नम्रताताईंचा आवाज आला, “काचेत कुणी बसलंय का? लहान मुलं वगैरे शिरली असतील तर बघा ना.”

“कुणी नाही. का?”

“माझ्या टेबलावर ड्रमच्या माइकचे दिवे नाचतायत, आत कुणी वाजवत असल्यासारखे.”

दोघं काचेपाशी गेले. आत हार होता. हाराचं एक फूलही हलत नव्हतं.

नम्रताताईंनी वाकून माइकच्या वायरी उपटल्या. सगळ्या. मग दोघांनी मागे वळून टेबलाकडे पाहिलं.

दिवे नाचतच होते.

“ओलीमुळे होतं असं,” त्या म्हणाल्या. पण वायरी त्यांच्या हातातच राहिल्या, पुन्हा जोडायचं धाडस त्यांना झालं नाही.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या गाण्याआधीची शांतता. भाऊजींनी गिटारवर हात ठेवला. आणि कानात, अगदी कानाच्या आत, कुणीतरी श्वास घेतला...

“उचला.”

ओरडून नव्हे. हळूच. विचारल्यासारखं.

बाळला काही ऐकू आलं नव्हतं. हॉलमध्ये कुणालाच नाही. फक्त भाऊजींना. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात तसंच. लोकांना तरुण महिपती ऐकू यायचा आणि भाऊजींना म्हातारा. भाऊजी सूर चुकायला लागले. जेवण सुटलं. मी त्यांच्यासाठी सोळा सोमवार बोलले. त्यांना म्हटलं, “भाऊजी, देवाला सांगून उपयोग नाही. ज्यांना सांगायचं राहिलंय, त्यांना सांगा.”

“तो आहे कुठे सांगायला?”

“वहिनी आहेत ना.”

ते खडकीला गेले. रतनवहिनींनी चहा ठेवला. भिंतीवर महिपतीचा फोटो होता. भाऊजी शब्द जुळवत होते, तोवर त्यांनीच विचारलं, “श्रीधरभाऊजी, एक सांगाल? त्या रविवारी त्यांच्या काठ्या पडल्या. मी बघत होते. पण वाजायचं थांबलं नाही. ते कसं हो?”

भाऊजींनी सगळं सांगितलं. कुणी सुचवलं, कुणी मान हलवली. काही लपवलं नाही.

चहा उकळत होता.

“म्हणजे काचेत माझा माणूस नुसता हात हलवत होता,” वहिनी म्हणाल्या.

“वाजवत होता, वहिनी. जीव तोडून वाजवत होता. आम्ही ऐकू दिलं नाही.”

“घरी आले त्या दिवशी. जेवले नाहीत. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, श्रीच्या लक्षात आलं नसेल.” त्यांनी गॅस बंद केला. “तुमच्या लक्षात आलं नसेल, असं म्हणत गेले ते.”

वहिनींनी कप पुढे केला. भाऊजींनी तो तसाच खाली ठेवला.

“शेवटच्या कार्यक्रमाला या,” ते म्हणाले. “शेवटचं गाणं त्याच्यासाठी उघडं ठेवतो. रेकॉर्ड नाही, काही नाही.”

“वाजवणार कोण?”



बाळनं हे ऐकलं आणि तो म्हणाला, “मेलेल्या माणसाला दुसरी संधी देतोयस?” पण या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. थोड्या वेळानं तोच म्हणाला, “काच पण काढायला सांग.”

निरोपाचा शेवटचा रविवार. मी घरी देवापुढे बसले होते. पुढचं सगळं भाऊजींनी सांगितलेलं.

शेवटच्या गाण्याआधी त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात घातलं. पडदे काळे झाले. डोंगर, वीज, आभाळ... सगळं गेलं. काच बाजूला केलेली. रिकाम्या ड्रमवर एक साधा दिवा. नम्रताताईंनी ड्रमचे पुन्हा जोडलेले माइक चालू केले आणि हात वर करून खूण केली.

भाऊजी लोकांना म्हणाले, “महिपती तुमच्यापर्यंत पोचत होता असं मी त्याला सांगत आलो. ते खोटं होतं. आज ऐका.”

मग ते थांबले. त्या एका शब्दाची वाट बघत.

काही आलं नाही.

ठोका नाही. श्वास नाही. नुसती शांतता.

त्यांना वाटलं, गेला. आता येणार नाही. त्यांनी एकट्यानंच सुरुवात केली. बाळ मागोमाग आला. अख्खं गाणं त्यांनी त्या शांततेत गायलं. ड्रमच्या जागी मोठं भोक पडल्यासारखं वाटत होतं. डोळ्यांतलं पाणी गिटारवर पडत होतं. माफी नाही, निदान राग तरी दाखवायचास, असं ते मनात म्हणत होते.

गाणं संपलं. लोक उठले नाहीत. टाळ्याही नाहीत.

मग एकदम सगळं सभागृह उभं राहिलं.

बाळ बेस खाली ठेवून भाऊजींच्या गळ्यात पडला. तो हुंदके देत होता. “ऐकलंस? हळू वाजवला रे... पण काय वाजवला!”

“कोणी?”

बाळ मागे सरकला.

नम्रताताई पायऱ्या चढून धावत आल्या. “सर, मी काहीही लावलेलं नव्हतं. देवाशप्पथ.”

रतनवहिनी जागेवरच होत्या, तोंडावर पदर धरून. भाऊजी त्यांच्यापाशी गेले, तेव्हा त्या ओल्या डोळ्यांनी हसल्या. “म्हाताऱ्याचा हात ओळखू येतो हो मला. मधेच दमले, बघा, त्या दुसऱ्या कडव्याला. मग पुन्हा उचललं.”



सगळ्यांनी ऐकलं होतं. शेवटच्या रांगेनं ऐकलं होतं. दारावरच्या पहारेकऱ्यानं ऐकलं होतं.

फक्त भाऊजींना काही ऐकू आलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. कान उत्तम आहेत म्हणाले. आणि खरंच, चमचा पडलेला त्यांना ऐकू येतो, माझी माळ सरकलेलीही ऐकू येते. मी बरीच कारणं शोधली. म्हटलं, मनाला लागलंय, निवळेल हळूहळू.

मग गणपती आले.

पहिल्या दिवशी सकाळी मी आरतीचं ताट करत होते. मिरवणूक पेठेत शिरली, आणि ढोल-ताशाचं पथक नेमकं आमच्या खिडकीखाली येऊन थांबलं. तुम्हाला ठाऊकच आहे तो आवाज. छातीत बसतो. ताटातली कुंकवाची वाटी आपोआप सरकत होती. मी दोन्ही कानांवर हात घेतले.

भाऊजी खिडकीचा गज धरून उभे होते. खाली शंभर हात वर जात होते, खाली येत होते. भाऊजी बघत होते. बराच वेळ बघत होते.

मग ते माझ्याकडे वळले आणि शांत खोलीत बोलावं तसं हळूच काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. ओठांवरून कळलं...

“श्यामला, ही मुलं वाजवत का नाहीत गं?”